नॅशनल आर्काइव्ह्ज म्युझियम, वॉशिंग्टन डीसी: जा, पण वाचून जा

वॉशिंग्टनला जाणारे बहुतेक जण व्हाइट हाऊससमोर फोटो काढतात, विमानांचं म्युझियम करतात आणि वेळ उरलाच तर नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे देशाचे जुने सरकारी कागद जपणाऱ्या संग्रहालयात, डोकावतात. मी म्हणेन सुरुवातच इथून करा. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि बिल ऑफ राइट्स (नागरिकांचे हक्क सांगणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्त्या), तिन्ही अस्सल कागद एकाच गोल दालनात मांडलेत आणि प्रवेश फुकट आहे. ऑनलाइन वेळ बुक केली तर माणशी एक डॉलर लागतो, तो खुशाल द्या, कारण मार्चपासून उन्हाळा संपेपर्यंत शाळांच्या सहली आणि टुरिस्ट मिळून रांग चांगलीच लांब जाते.

मात्र घरून वाचून जा. न वाचता आलेले लोक लगेच ओळखू येतात, काचेपाशी येतात, वाकून बघतात, "काहीच दिसत नाहीये" म्हणतात आणि पुढे सरकतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा, दालनात उजेड मुद्दाम अगदी मंद ठेवलाय कारण शाईला उजेड सोसत नाही, कागद आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेट्यांमध्ये आहेत आणि फोटो काढायला मनाई आहे. (ही मनाई मला तरी आवडली, मोबाइल खिशात गेला की माणसं खरंच बघायला लागतात.) तिन्हींचा पूर्ण मजकूर आर्काइव्ह्जच्या वेबसाइटवर फुकट आहे, एक संध्याकाळ काढली तर सहज वाचून होतो.

जाहीरनामा सगळ्यात पुसट झालाय. एकोणिसाव्या शतकात तो पस्तीसेक वर्षं पेटंट ऑफिसच्या इमारतीत खिडकीसमोर टांगलेला होता, त्याचे परिणाम आज दिसतात, वरचं मोठ्या अक्षरातलं शीर्षक कसंबसं लागतं आणि ५६ सह्यांमधल्या बऱ्याचशा शोधाव्या लागतात. खाली डाव्या कोपऱ्यात एका हाताचा ठसा आहे, कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. "सगळी माणसं समान जन्माला येतात" हे १७७६ सालचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण तो लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर इंग्लंडच्या राजाला झोडपणारा एक अख्खा परिच्छेद होता आणि काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो काढून टाकला, आणि जेफरसन स्वतः शेकडो माणसांचा मालक होता, हे डोक्यात घेऊन त्या पेटीसमोर उभं राहिलं की तो पुसट कागद एकदम वेगळा दिसायला लागतो.

राज्यघटनेची चारही पानं आता मांडलेली असतात, २००३ मध्ये दालनाचं नूतनीकरण होण्याआधी पहिलं आणि शेवटचंच असायचं. शाई ठळक आहे, आरामात वाचता येते. शेवटच्या पानावर सह्यांच्या डावीकडे एक छोटा मजकूर आहे तो अजिबात चुकवू नका. जेकब शॅलस नावाच्या कारकुनाने ३० डॉलर घेऊन ही चार पानं हाताने लिहिली, आणि लिहिताना कुठे शब्द राहिला, कुठे ओळींच्या मध्ये घातला, याची यादी तिथे दिलीय. म्हणजे देशाच्या सर्वोच्च कायद्यात दुरुस्त्यांची नोंद सह्यांच्या शेजारीच! मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. पहिल्या पानावर मात्र ती तीन-पंचमांशाची ओळ आहे, लोकसंख्या मोजताना गुलामांना प्रत्येकी तीन-पंचमांश धरायचं ठरलं ती, आणि गंमत नाही तर लाज अशी की गुलाम हा शब्द मूळ घटनेत कुठेही लिहिलेला नाही, "इतर व्यक्ती" म्हणून भागवलंय. गुलामगिरी घटनेनेच बंद व्हायला १८६५ ची तेरावी दुरुस्ती यावी लागली.

बिल ऑफ राइट्सच्या पानावर कलमं मोजा. दहा नाहीत, बारा आहेत. राज्यांकडे पाठवली बारा, १७९१ पर्यंत मंजूर झाली त्यातली दहा. राहिलेल्यांपैकी एक होतं काँग्रेस म्हणजे अमेरिकन संसदेच्या सदस्यांच्या पगाराबद्दलचं, ते तसंच लटकत राहिलं, मग १९८२ मध्ये टेक्सासच्या एका विद्यार्थ्याने कॉलेजच्या पेपरात लिहिलं की हे अजूनही मंजूर होऊ शकतं, त्याला सी ग्रेड मिळाला, पण गडी मागे लागला, राज्याराज्यांना पत्रं पाठवत राहिला, आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. मला तर या अख्ख्या दालनात सगळ्यात जास्त आशा याच पानाने दिली.

भिंतीवरची बॅरी फॉकनर या चित्रकाराची दोन प्रचंड चित्रं भव्य आहेत, पण त्यातला एकत्र उभा राहिलेला घोळका कल्पनेतला आहे, त्यामुळे माझा जीव काही तिथे अडकला नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे सरकारी कागद आहेत. सरकारला जाब विचारणारं लिखाण बरंचसं बाहेरचं आहे, तेही याच तयारीत वाचून टाका. थॉमस पेनचं जानेवारी १७७६ मधलं "कॉमन सेन्स" हे छोटं पत्रक, राजा हवाच कशाला असं साध्या माणसाच्या भाषेत विचारणारं. १८४८ चा सेनेका फॉल्स गावातल्या स्त्री-हक्क परिषदेचा जाहीरनामा, ज्यात बायकांनी जेफरसनचंच वाक्य घेऊन त्यात स्त्रियाही घातल्या. आणि गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरचं भाषण, तुमचा हा चार जुलै गुलामाला काय कामाचा, असं भर सभेत विचारणारं. हे शेवटचं आधी वाचलं नसेल तर जाहीरनामा अर्धाच बघितल्यासारखं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे जोतिरावांनी पेन वाचला होता, आणि १८७३ ची "गुलामगिरी" त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यामुळे मराठी माणसाने तर हे दालन पाहायलाच हवं.

सोयीचं थोडं. मेट्रोचं आर्काइव्ह्ज स्टेशन पिवळ्या आणि हिरव्या लाइनवर आहे, पण ते पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूच्या बाजूला निघतं आणि प्रवेश कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूकडून आहे, तेव्हा इमारतीला वळसा घालावा लागतो. आत सिक्युरिटी चेक आहे, बॅग छोटी ठेवा. लहान मुलं मंद उजेडात कंटाळतात, त्यांना बारा कलमं मोजायचं आणि हाताचा ठसा शोधायचं काम द्या.

आणि त्याच दिवशी पायात जोर असेल तर नॅशनल मॉल नावाच्या लांबलचक हिरवळीवरून लिंकन मेमोरियलपर्यंत चालत जा, साधारण दोन मैल पडतात. आत दक्षिणेच्या भिंतीवर लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण कोरलंय आणि उत्तरेच्या भिंतीवर त्याचंच दुसऱ्या शपथविधीचं, आणि बाहेरच्या पायऱ्यांवरूनच मार्टिन ल्यूथर किंगने २८ ऑगस्ट १९६३ ला सांगितलं की जाहीरनामा आणि घटना म्हणजे प्रत्येक अमेरिकनाला दिलेली प्रॉमिसरी नोट होती आणि काळ्या माणसाच्या हातात मात्र बाउन्स झालेला चेक आला. सकाळी ती नोट बघायची आणि दुपारी तिची वसुली मागितली ती जागा, हा क्रम पाळा. उन्हाळ्यात पाणी जवळ ठेवा, वाटेत सावली कमी आहे.