हायवेवरचा तपकिरी बोर्ड विकत मिळत नाही, माझे ८५ हजार गेले तेव्हा कळलं

आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे, नॅशनल हायवेच्या फाट्यापासून साडेचार किलोमीटर आत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी केलेली आहे, सगळं कायदेशीर. त्रास एकच, दर शनिवारी चार तरी फोन यायचेच की दादा आम्ही फाटा सोडून पुढे आलो, आता यू टर्न कुठेय. त्यामुळे हायवेला आपला एक बोर्ड पाहिजे हे डोक्यात होतंच, आणि नेमका त्याच दुखण्यावर बोट ठेवणारा माणूस दारात आला.

पांढरी गाडी, पुढच्या काचेला "ऑन ड्युटी"ची पाटी, गळ्यात आयकार्ड. म्हणाला काका, टुरिझम सायनेजची स्कीम आलीये, नोंदणी असलेल्या केंद्रांसाठीच, या पट्ट्यात दोनच जागा शिल्लक आहेत. फाईलमधून रंगीत झेरॉक्स काढली, इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे मानक नियम ठरवणारी संस्था) नियमातलं पान, पर्यटन स्थळाच्या बोर्डाला तपकिरी रंग आणि वर पांढरी अक्षरं. आता गंमत बघा, ही माहिती शंभर टक्के खरी आहे. हायवेवर गावांची नावं आणि अंतरं हिरव्या बोर्डावर, पेट्रोल पंप, दवाखाना, जेवण असल्या सोयी निळ्यावर, आणि किल्ले, लेणी, अभयारण्य वगैरे तपकिरीवर. तो गेल्यावर मी मोबाईलवर चेक केलं, बरोबर निघालं, आणि तिथेच मी गळाला लागलो. बोर्डाचा रंग चेक केला पण तो बोर्ड लावायचा अधिकार कुणाला आहे हे काही चेक केलं नाही.

पॅकेज १ लाख १० हजारांचं. फाट्यावर तपकिरी बोर्ड, शिवाय शेजारच्या तात्यांच्या शेतात वीस बाय दहाचं होर्डिंग वर्षभरासाठी. ४० हजार टोकन दिलं, यूपीआयने, आणि ते पण त्याच्या स्वतःच्या खात्यावर कारण म्हणे कंपनीच्या खात्याचं केवायसी चालू आहे. (हे आता लिहिताना माझं मलाच हसू येतंय.) चार दिवसांनी परवानगीचं पत्र हातात. जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली सही, आणि सहीखाली "हायवे टुरिझम ऑफिसर". मग उरलेल्यातले ४५ हजार गेले. राहिलेले २५ काम झाल्यावर देतो म्हणालो होतो, तेवढेच काय ते वाचले.

बोर्ड लागला तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळी सहाला पिकअप आली, दोन पोरं पिवळ्या जॅकेटमध्ये, रस्त्यावर नारिंगी कोन ठेवले, कुणालाही वाटावं सरकारी काम चाललंय. खड्डा दोन फुटांचा पण नसेल. बोर्डावर आमचं नाव, बाण, साडेचार किमी आणि खाली माझा मोबाईल नंबर. त्याने मला बोर्डाशेजारी उभं करून फोटो काढला, म्हणाला काका अंगठा दाखवा, फीडबॅकला लागतो. दाखवला.

होर्डिंग उभं राहिलं तेव्हा बायको म्हणाली होती, अहो पडलं बिडलं तर? घाटकोपरचं तिच्या डोक्यात होतं, १३ मे २०२४ ला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ४० बाय ४० ची मर्यादा असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं. मी त्याला विचारलं, तो म्हणाला स्ट्रक्चरल सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात देतो. तो पुढचा आठवडा अजून यायचाय.

पहिली शंका मला रात्री आली. कीर्तन आटपून गाडीने परत येत होतो, फाट्याच्या अलीकडचा हिरवा बोर्ड हेडलाईटमध्ये लख्ख चमकला आणि आमचा बोर्ड नुसता काळा ठोकळा, नावाचं एक अक्षर वाचता येईना. खाली उतरून टॉर्च मारला तर पत्र्यावर साधा फ्लेक्स चिकटवलेला, एका कोपऱ्यात फुगा आलेला. खऱ्या बोर्डावर रिफ्लेक्टिव्ह शीट असते, प्रकाश पडला की उजळते. तरी मी मनाची समजूत घातली की ठीक आहे, दिवसा दिसतोय ना.

एकोणीस दिवसांनी बोर्ड गायब. टोलच्या रूट पेट्रोलिंगवाल्यांनी उपटून नेला होता, आणि मागोमाग नोटीस आली ती माझ्या नावाने. अर्थात, पत्ता शोधायला त्यांना कष्ट कसले, नंबर मीच लिहून ठेवला होता की. नोटीस २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग जमीन आणि वाहतूक नियंत्रण कायद्याखालची, महामार्गाच्या जागेत विनापरवाना अतिक्रमण. या कायद्यात हटवण्याचा खर्च पण आपल्याकडून वसूल करता येतो.

पत्र घेऊन मी हायवे प्राधिकरणाच्या प्रोजेक्ट ऑफिसला गेलो, जाताना अगदी तावात. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी पत्र अर्धा मिनिट बघितलं आणि एका ओळीवर पेन ठेवला, साखळी क्रमांक १८७/४००, म्हणजे १८७ किलोमीटर ४०० मीटरवरची जागा. म्हणाले तुमचा फाटा कितव्या किलोमीटरला आहे? मी गप्प. अहो फाट्यावर पिवळा पांढरा दगड आहे, त्यावर १४१ लिहिलंय, मी रोज दोनदा त्याच्या समोरून जातो. आणि या ऑफिसची हद्द १६२ लाच संपते. म्हणजे पत्रातली जागा ना माझी ना त्यांची. शिवाय त्यांच्या ऑफिसचा प्रमुख प्रकल्प संचालक असतो, "हायवे टुरिझम ऑफिसर" नावाचं पदच तिथे नाही.

मग त्यांनीच शांतपणे समजावलं. तपकिरी बोर्ड रस्ता ज्याच्या ताब्यात आहे तोच लावतो, त्यावर कुणाचा मोबाईल नंबर नसतो. महामार्गाच्या हद्दीत जाहिरातीला परवानगी मिळतच नाही असंच धरून चाला, सवलत आहे ती दवाखाना, बस स्टँड असल्या लोकोपयोगी माहितीला नाहीतर जत्रा मेळ्याच्या तात्पुरत्या फलकाला. रोड्स काँग्रेसचं १९७२ चं जाहिरातींवर वेगळं धोरण आहे, चौक आणि पुलापासून १०० मीटरच्या आत जाहिरात नको आणि वाहतुकीच्या चिन्हासारखी दिसणारी तर नकोच. आमचं होर्डिंग फाट्यापासून चाळीस पावलांवर. मी म्हटलं पण साहेब ते तर खाजगी शेतात आहे. ते म्हणाले चला बघू.

तिथे आल्यावर त्यांनी तात्यांच्या कुंपणाच्या आत, गवतात बुडालेला महामार्गाच्या हद्दीचा दगड दाखवला. होर्डिंगचे दोन्ही खांब दगडाच्या रस्त्याकडच्या बाजूला. तात्यांनी संपादनाचे पैसे केव्हाच घेतले होते, पण जमीन पडून होती म्हणून पेरत होते, कुंपणही तसंच ठेवलं होतं. त्या माणसाने तात्यांना पाच हजार भाडं देऊन सांगितलेलं की हे सरकारी होर्डिंग आहे, म्हणजे भाडं पण माझ्याच पैशातलं. तात्या आता माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना वाटतं मी त्यांना अडकवलं. त्यांचं चूक म्हणवत नाही.

त्या बोर्डवाल्याचा फोन तोवर बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर दुसऱ्या राज्यातलं कपड्याचं दुकान निघालं, हे दोन मिनिटांचं काम मी पैसे द्यायच्या आधी करू शकलो असतो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला पण तीन आठवडे उलटून गेलेले, खात्यात काही उरलं नव्हतं, असले फोन पहिल्या काही तासांत करायचे असतात. पोलिसांनी अर्ज घेतलाय, पूर्वीचं ४२० ते आता न्याय संहितेत ३१८ आहे, आणि खोट्या कागदाचं कलम वेगळं. पोलिसांत जोडायला म्हणून १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारलं, लेखी उत्तर आलं की या जावक क्रमांकाचं कुठलंही पत्र दिलेलं नाही. तुमच्याकडे असा कुणी आला तर आधी दगडावरचा किलोमीटर बघा, मग त्याचं पत्र उचलून थेट त्या ऑफिसला जा, आणि रस्ता स्टेट हायवे असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागात. आमचं ऑफिस तासाभराच्या अंतरावर होतं, मी ८५ हजार देऊन झाल्यावर पहिल्यांदा गेलो.

हे सगळं लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं. पण परवा पुढच्या तालुक्यातून एका हॉटेलवाल्याचा फोन आला, म्हणाले काका तुमचा बोर्ड लई भारी झालाय, किती दिवस टिकतो हो? मी विचारलं तुम्ही कुठे बघितला? म्हणाले सॅम्पल म्हणून फोटो आलाय व्हॉट्सॲपवर, तुम्ही शेजारी उभे आहात, अंगठा दाखवून.