पायी की सायकलवर? लहान पोरांच्या शाळेचा प्रश्न

पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असावी, असा शिक्षणहक्काचा नियम. आमच्या जळगाव-धुळ्याकडे एवढं अंतर पोरगं रमतगमत वीस मिनिटांत कापतं. म्हणून पहिली-दुसरीला माझं मत सरळ पायी. गल्लीतली चार-पाच पोरं एकत्र निघाली, सोबत एखादी आजी असली, की झालं.

सायकलची मजा तिसरी-चौथीनंतर. मळ्यात राहणाऱ्यांना तर तिचाच आधार. पण थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत. "पुढच्या वर्षीही पुरेल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. शिवाय बांधावरच्या बाभळीचा काटा टायरात घुसला, की पोरगं सायकल ढकलत रडवेलं घरी. (आमच्याकडे एका आठवड्यात दोनदा.) पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही, तेव्हा पायीच बरं.

ऊन दोघांनाही सारखंच. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली तरी परतताना टोपी आणि पाणी हवंच. मात्र वाटेत ५३ क्रमांकाचा महामार्ग आडवा येत असेल, तर पायी असो की सायकल, तेवढा रस्ता मोठ्या माणसाने हात धरूनच ओलांडून द्यावा.