‘स्वीट होम’: आधी वाचायचं की आधी बघायचं?

‘स्वीट होम’ सुरू करू का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कुठलं? या नावाच्या गोष्टी दोन आहेत. एक चित्रकथा, म्हणजे वेबटून. किम कानबी यांनी लिहिलेली, ह्वांग यंग-चान यांनी काढलेली, ‘नेव्हर’ या कोरियन पोर्टलवर 2017 ते 2020 या काळात आलेली. प्रस्तावना सोडून तिचे 140 भाग आहेत. दुसरी नेटफ्लिक्सची मालिका, दिग्दर्शक ली उंग-बोक. पहिला सीझन डिसेंबर 2020 मध्ये आला, दुसरा तीन वर्षांनी डिसेंबर 2023 मध्ये आणि तिसरा जुलै 2024 मध्ये. 10, 8 आणि 8 असे एकूण 26 भाग. दोन्ही गोष्टी एकाच दारातून निघतात, पण पुढे त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या होतात की एक बघितली म्हणून दुसरी कळली, असं होत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. आईवडील आणि बहीण अपघातात गेलेला एक शाळकरी मुलगा ‘ग्रीन होम’ नावाच्या जुन्या, कळकट इमारतीत 1410 नंबरच्या खोलीत एकटा राहायला येतो. वेबटूनमध्ये त्याचं नाव चा ह्योन, मालिकेत चा ह्योन-सू. तो खोलीबाहेर पडत नाही आणि त्याने स्वतःच्या मरणाची तारीखही ठरवून ठेवली आहे. तेवढ्यात माणसांचे राक्षस व्हायला लागतात. आधी नाकातून घळाघळा रक्त येतं, शुद्ध हरपते, भास होतात. हा चावल्याने पसरणारा रोग नाही. ज्याच्या मनात जी हाव, जी अपुरी राहिलेली इच्छा, तिचाच राक्षस बनतो. शरीर कमवायचं वेड असलेल्याचा नुसता स्नायूंचा डोंगर होतो. इतर राक्षसकथांमध्ये धोका बाहेरून येतो आणि दार लावलं की आपण सुटतो. इथे दार लावून आत बसलेला माणूसच उद्या काय होईल, ते कुणाला ठाऊक नसतं.

पहिल्या भागातला एक प्रसंग घ्या. बेल वाजते. ह्योन-सू दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर बघतो, तर बाहेर शेजारची मुलगी उभी. नाकातून रक्त येतंय, आवाज रडवेला, दार उघड म्हणून विनवतेय. त्या पडद्यात फक्त तिचा चेहरा मावतो, मानेखाली काय चाललंय ते दिसत नाही. मध्येच तिचा सूर बदलतो, एका क्षणासाठीच, आणि पुन्हा ती रडायला लागते. मालिकेने हा प्रसंग फार नेमका घेतला आहे. ह्योन-सू झालेल्या सोंग कांगचा चेहरा, त्या पडद्याचा निळसर उजेड आणि दारावर पडणारी थाप, एवढ्यावरच काम झालं आहे. माझ्या मते पहिल्या सीझनचं खरं बळ अशाच जागी आहे. मोठमोठे राक्षस धावून येतात तिथे नव्हे.

तोच प्रकार वेबटूनमध्ये वाचताना मात्र वेग तुमच्या अंगठ्यात असतो. वेबटून वरून खाली सरकवत वाचायचं. पुढच्या चित्राची वरची कडा आधी दिसते, बाकीचं तुम्ही सरकवल्याशिवाय दिसत नाही. मधे लांबच लांब काळी जागा सोडलेली असते. मी रात्री पांघरुणात फोन धरून वाचत होते आणि दोनदा अंगठा तिथेच थांबला, खाली जायचा धीर होईना. मालिकेत तुम्ही डोळे मिटलेत तरी प्रसंग पुढे सरकतो. इथे तसं नाही, दार तुम्हालाच उघडावं लागतं.

आता मुख्य फरक. वेबटून ह्योनच्या डोक्यात राहतं. त्याच्यातही राक्षस व्हायला सुरुवात झाली आहे, पण तो पूर्ण बदललेला नाही. पंधरा दिवस तग धरायचा, असा एक हिशोब आहे, आणि त्या दिवसांत त्याच्याच आतला तो दुसरा आवाज त्याला गोड बोलून बोलावत राहतो. घर देईन, माणसं परत देईन, फक्त सोडून दे. मरायला निघालेल्या मुलाला आता जगायचं कारण शोधावं लागतं, तेही रोज. ही झुंज शब्दांची आणि स्वप्नांची आहे, म्हणून ती पानावर जास्त खोल जाते. मालिकेतही ती आहे, पण तिथे ह्योन-सूला सगळ्यांबरोबर जागा वाटून घ्यावी लागते.

आणि हे ‘सगळे’ मालिकेत खरोखर जिवंत आहेत, ही तिची मोठी जमेची बाजू. तळमजल्यावरचं दुकान, व्हीलचेअरवर बसून हत्यारं तयार करणारा निवृत्त फौजी, तलवार वापरणारे भाषेचे शिक्षक, रिकामी बाबागाडी ढकलत फिरणारी आई. थंड डोक्याने माणसांचा हिशोब मांडणारा उन-ह्योक (ली दो-ह्यॉन) आणि त्याची फटकळ बहीण उन-यू (गो मिन-शी) यांचं नातं मला मालिकेत अधिक पटलं. ली शी-यंगने केलेली अग्निशमन दलातली सो इ-ग्योंग तर वेबटूनमध्ये नाहीच, ती मालिकेसाठी नव्याने लिहिली आहे, आणि पहिल्या सीझनमध्ये ती चपखल बसते. ज्यांनी आयुष्य फ्लॅटच्या सोसायटीत काढलंय त्यांना ही माणसं लगेच ओळखीची वाटतील. संकट आल्यावर खालच्या हॉलमध्ये बैठक होते, कोण बाहेर जाणार यावर मतं मागवली जातात, आणि ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं नाव सगळ्यांत आधी पुढे येतं. हे बघताना मला राक्षसांपेक्षा त्या बैठकीची जास्त भीती वाटली.

राक्षसांबद्दल बोलायचं तर खर्च भरपूर झाला. पहिल्या सीझनच्या एका भागामागे सुमारे 300 कोटी वॉन (कोरियन चलन), असं तेव्हा छापून आलं होतं. ट्रॉय जेम्ससारखा, अंग वाटेल तसं वळवू शकणारा कॅनडाचा कलाकार जिथे प्रत्यक्ष वावरतो तिथे अंगावर काटा येतो. संगणकावर बनवलेले राक्षस काही ठिकाणी उघडे पडतात, विशेषतः भरउजेडात. ह्वांग यंग-चान यांच्या रेषेला ही अडचण नाही. त्यांचे राक्षस बेढब आहेत, पण प्रत्येकात मूळ माणूस कुठेतरी शिल्लक दिसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनबद्दल स्पष्ट बोलते. इथे गोष्ट ग्रीन होमच्या बाहेर पडते. सैन्य येतं, प्रयोग करणारे डॉक्टर येतात, वाचलेले लोक एका स्टेडियमखाली राहू लागतात, आणि वेबटूनचा धागा जवळपास सुटतो. पात्रं इतकी वाढतात की दुसऱ्या सीझनमध्ये खुद्द ह्योन-सू बराच वेळ दिसतच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटलं. त्या चौदाव्या मजल्यावरच्या मुलासाठी आपण थांबलेलो असतो आणि आपल्याला लष्करी गाड्या दाखवल्या जातात. इच्छेचा राक्षस होतो ही कल्पना बंद जिन्यात जितकी झोंबते तितकी मोकळ्या मैदानात झोंबत नाही. तिसरा सीझन थोडा सावरतो आणि गोष्ट पूर्ण करतो, म्हणून दुसरा बघितलाच तर तिथे सोडू नका. दोन्ही एकत्रच धरा.

वेळेचा विचार करत असाल, तर पहिला सीझन शनिवार-रविवारी संपतो. वेबटूनचा एक भाग पाच-सात मिनिटांत होतो, तरी 140 भाग म्हणजे दोन आठवड्यांचं रात्रीचं वाचन धरा. ते इंग्रजीतून अधिकृत ॲपवर मिळतं आणि वाक्यं छोटी असल्याने इंग्रजी जेमतेम असलं तरी अडत नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी. दोन्हीकडे आत्महत्येचा विचार अगदी सुरुवातीलाच येतो, शाळेतला छळ येतो, बायकोला मारणारा नवरा येतो. हे मोठ्यांसाठीच आहे. सध्या मन खचलेलं असेल तर वेबटून तूर्त बाजूला ठेवा, कारण ते त्या मुलाच्या अगदी जवळ नेऊन बसवतं. रक्त बघवत नसेल तर मालिका जड जाईल, वेबटून त्यामानाने सोसवेल.

आणि तुम्हाला हवी आहे ती धावाधाव, घोळका, दारं आडवी लावून वाचणारी पोरं, तर ‘स्वीट होम’ऐवजी ‘ऑल ऑफ अस आर डेड’ ही कोरियन मालिका घ्या. तीही वेबटूनवरूनच आलेली, जू दोंग-गन यांच्या. 2022 चा पहिला सीझन 12 भागांचा आहे आणि बरीचशी गोष्ट एका शाळेत घडते. तिथे चावा घेतला की माणूस झॉम्बी होतो, एवढं सरळ आहे.

माझा क्रम विचाराल तर आधी मालिकेचा पहिला सीझन, मग लगेच वेबटून पहिल्या भागापासून. उलट केलंत तर मालिकेत ह्योनचा आतला आवाज शोधत बसाल आणि इ-ग्योंगसारखी चांगली पात्रं उपरी वाटतील. पहिला सीझन आधीच बघून झाला असेल आणि पुढे काय होतं याची हुरहुर असेल, तर दुसरा सीझन लावू नका. वेबटून उघडा, आणि तेही आवाज बंद करून, खोलीतला दिवा चालू ठेवून.