कॅनिस्टर फिल्टर घेताना मी फसलो, तुम्ही घ्यायच्या आधी एवढं तपासाच

हे लिहायला मला दोन महिने लागले कारण मासे गेल्याचं दुःख होतं आणि रागही होता, पण परवा ओळखीतल्या एकाला मला फिल्टर विकलेल्या त्याच माणसाने तेच कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचं, पाइपने जोडलेलं बंद डब्याचं फिल्टर) तीच वाक्यं बोलून गळ्यात मारायचा प्रयत्न केला तेव्हा ठरवलं की आता सगळं नीट लिहायचंच.

माझा माशांचा टँक ९० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरचा, काठोकाठ भरला तर १४४ लिटर, ग्रॅव्हल (तळाची खडी) आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण १२० लिटर पाणी. त्यात एंजल माशांची जोडी, सहा कोरीडोरस (तळाशी राहणारे मासे, थोडक्यात कोरी) आणि दहा विडो टेट्रा. अडीच वर्षं दोन स्पंज फिल्टर (हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर स्पंजमधून पाणी ओढणारे) एका एअर पंपवर चालू होते आणि त्या अडीच वर्षांत आजाराने एकही मासा गेला नव्हता. तक्रार एवढीच की पाण्यात बारीक कचरा तरंगताना दिसायचा आणि ते काळे स्पंज समोरून डोळ्यात खुपायचे. तरंगणारा कचरा पकडण्यात स्पंज फिल्टर थोडा कमी पडतो हे खरंच आहे, म्हणून मी दुसरे ऑप्शन बघायला लागलो.

विकणाऱ्याला फोन केला तर त्याने पहिल्या दोन मिनिटांत टॉप फिल्टर (टँकच्या वर बसणारं) आणि हँग ऑन बॅक (मागच्या काचेवर टांगायचं) दोन्ही बाद करून टाकले, "सर ते सगळं जुनं झालं", आणि थेट कॅनिस्टरवर आला. तासाला १५०० लिटर फ्लो, आत यूव्ही लाइट, जपानी टेक्नॉलॉजीच्या सिरॅमिक रिंगा सोबत फ्री. आणि मग ते वाक्य जे ऐकून मी तिथेच फोन ठेवायला हवा होता: "सर ह्यात पाणी बदलायचं कामच नाही, यूव्ही सगळं मारतं, अमोनिया बनतच नाही." वर सल्ला दिला की जुने स्पंज लगेच काढा, त्यात घाण साठलेली असते, ती नवीन फिल्टरमध्ये जाईल.

मी ऐकलं. फिल्टर आलं त्याच दिवशी बसवलं, दोन्ही स्पंज काढले, नळाखाली खसाखसा धुतले आणि उन्हात वाळत टाकले. फिल्टरबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तेव्हा मी विसरलो. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून अजून अमोनिया होतो. एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया पाण्यात मोकळे फार कमी असतात, ते चिकटून राहतात स्पंजला, रिंगांना, ग्रॅव्हलला. ज्याला तो घाण म्हणाला तो तपकिरी थर म्हणजेच माझं खरं फिल्टर होतं. नवीन टँकमध्ये तो थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात आणि मी अडीच वर्षांचा थर दहा मिनिटांत धुऊन टाकला. ग्रॅव्हलमधले थोडे उरले असतील पण ते पुरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोरी सारख्या वर येऊन हवा घेत होत्या. कोरी अधूनमधून वर येतातच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी एंजल फिल्टरच्या पाइपजवळ पंख मिटून एकाच जागी, कल्ले लाल, खाण्याकडे बघत पण नाही. टेस्ट किट काढलं, पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गडद हिरवं, अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम). माझ्याकडचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनिया जास्त मारक ठरतो, पीएच एकने वाढला की त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. रात्रीच निम्मं पाणी बदललं, क्लोरीन काढायचं औषध टाकून, खाणं बंद केलं, एअर स्टोन सोडला. पाचव्या दिवसापर्यंत चार कोरी आणि एंजलमधली मादी गेली. ती मादी मी नाण्याएवढी असताना आणली होती.

बाकीचे वाचले ते एका मित्रामुळे. त्याने त्याच्या चालू टँकमधला एक अख्खा स्पंज काढून टँकच्याच पाण्यात बुडवून पिशवीत आणून दिला. तो लावल्यावर अमोनिया चार दिवसांत उतरला, मग आठवडाभर नायट्राइट दाखवत होतं, त्या काळात मी रोज ३० टक्के पाणी बदलत होतो.

मग मी ते कॅनिस्टर उघडून बसलो.

आधी फ्लो. आउटलेटचा पाइप १० लिटरच्या बादलीत सोडला आणि मोबाइलवर वेळ लावली. बादली भरायला १ मिनिट ४० सेकंद. म्हणजे तासाला ३६० लिटर. डब्यावरचा आकडा पंप मोकळा, आत मीडिया (स्पंज, रिंगा वगैरे) नाही, पाणी उंच चढवायचं नाही अशा वेळचा असतो, त्यामुळे थोडा कमी येणं साहजिक आहे, अगदी निम्मा आला तरी मी समजून घेईन, पण १५०० चे ३६० म्हणजे चौथा हिस्सा पण नाही. टँकमधलं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावं असं धरतात, माझ्याकडे तीनच वेळा फिरत होतं.

मग रिंगा. चांगली सिरॅमिक रिंग सच्छिद्र असते, कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब टाकला की पटकन शोषला जातो आणि पाण्यात टाकली की बारीक बुडबुड्यांची रांग निघते. माझ्या रिंगेवर थेंब तसाच टम्म बसून राहिला, बोटाने ढकलला तर घरंगळला. एक फोडून बघितली तर आतून फरशीच्या तुकड्यासारखी गुळगुळीत. बॅक्टेरियांना बसायला जागा मिळणार कुठे?

आणि यूव्ही. आत पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत निळ्या एलईडीची पट्टी. जंतू मारणारा यूव्ही-सी प्रकाश साध्या काचेतून पण जात नाही, प्लॅस्टिकमधून तर नाहीच, त्याला क्वार्ट्झची नळी लागते. आणि समजा खरा यूव्ही असता तरी तो पाणी हिरवं करणारं तरंगतं शेवाळ आणि काही जंतू मारतो, अमोनियाला त्याने काहीही होत नाही. पाणी बदलायचं नाही हे तर कुठल्याच नेहमीच्या फिल्टरबद्दल कोणी बोलू नये, शेवटी उरणारं नायट्रेट साठत जातं आणि ते मुख्यतः पाणी बदलूनच जातं.

विकणाऱ्याला हे सगळं फोटो आणि बादलीच्या व्हिडिओसकट पाठवलं. आधी म्हणाला तुमच्याच पाण्यात प्रॉब्लेम, मग म्हणाला मीडिया ओला झाला की रिटर्न नाही, मग फोन उचलणंच बंद. बॉक्स मी टाकून दिला होता आणि त्याचे सगळे दावे फोनवरचे, लिहून काहीच घेतलेलं नव्हतं. तुम्ही घेताना फ्लो, यूव्ही, रिटर्नचं सगळं मेसेजवर विचारा, उत्तर लेखी येऊ द्या, आणि बादलीची टेस्ट पहिल्याच दिवशी करा.

कॅनिस्टर प्रकारच वाईट असं मी म्हणत नाहीये. चांगलं कॅनिस्टर मोठ्या टँकला छान, भरपूर मीडिया मावतो, आवाज कमी, फक्त लाइट बरेच तास गेली तर बंद डब्यातला ऑक्सिजन संपून आतले बॅक्टेरिया मरायला लागतात, स्पंज निदान टँकमध्येच उघडा असतो. हँग ऑन बॅक साफ करायला सगळ्यात सोपं, पण त्याचं कार्ट्रिज दर महिन्याला बदला असं सांगतात ते ऐकू नका, बॅक्टेरिया पण त्याच्यासोबत कचऱ्यात जातात. ते टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकं खळबळून परत लावा, त्यातला कार्बन काही आठवड्यांत संपतो तो हवा तर वेगळा बदला. पिल्लं किंवा कोळंबी असेल तर स्पंजच घ्या, ती ओढली जात नाहीत. आणि कुठलंही नवीन फिल्टर आणलं तरी जुनं किमान महिना दीड महिना सोबत चालू ठेवा. मी एवढं एक केलं असतं तर ते नकली फिल्टर असून पण माझे पाचही मासे वाचले असते.

सध्या त्या डब्यातून एलईडी आणि रिंगा काढून नुसता जाड स्पंज भरलाय, कचरा ओढायला तेवढं चालतं, आणि दोन स्पंज फिल्टर परत कोपऱ्यात लावलेत. उरलेल्या दोन कोरी बहुतेक वेळ लाकडाखालीच असतात, एंजलचा नर परवापासून हातातलं खाणं घ्यायला लागलाय. अमोनिया आणि नायट्राइट सलग तीन आठवडे शून्य आलंय, अजून एक आठवडा असंच राहिलं की कोरींना चार सोबती आणणार आहे.