लग्नाच्या फोटोग्राफरने घेतलेला स्टार ट्रॅकर

लेन्स, बॉडी, ट्रायपॉड धंद्याचेच होते. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवणारं यंत्र, तेवढा नवीन घेतला. डब्यावर आकाशगंगेचा फोटो आहे. नागपुरातल्या मानेवाड्याच्या गच्चीवरून आकाशगंगा विसरा. मला परक्या ताऱ्यापुढून जाणारा ग्रह टिपायचा होता, आणि त्या कामात पैसे वसूल.

तारा एचडी १८९७३३, सुमारे ६४ प्रकाशवर्षांवरचा. त्याचा ग्रह २००५ मध्ये सापडला. गुरूपेक्षा थोडा मोठा, पण सव्वादोन दिवसांत फेरी पूर्ण करतो. दर फेरीला ताऱ्याचा उजेड २.४ टक्क्यांनी उतरतो, पावणेदोन तासांत पुन्हा पहिल्यासारखा. आपल्या सूर्यापुढून गुरू गेला तर उतार जेमतेम एक टक्का! असा ताऱ्यापुढून जाणारा पहिला ग्रह १९९९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड शार्बनो यांनी १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने पकडला होता. माझ्या ३०० एमएम एफ/४ लेन्सचं तोंड साडेसातचं.

आता गैरसोयी. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नागपुरात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २१ अंश वर, म्हणजे आमच्याकडे शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. ट्रायपॉड गच्चीच्या पार कोपऱ्यात न्यावा लागतो आणि गुडघे टेकून डोळा लावावा लागतो. अक्षांशाचा स्क्रू जड लेन्सखाली हळूहळू सरकतो. मी रबराचा वायसर घातला. शिवाय हा तारा नागपूरच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. हवा तिथे सगळ्यात पातळ, ही चैनच, पण स्क्रीन बघायला चटईवर आडवं व्हावं लागतं.

पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच सुरू करावं. फोकस मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे ताऱ्याचा उजेड बऱ्याच पिक्सेलवर पसरतो आणि फोटो जास्त उजेडाने जळत नाही. (नवरीचा असा फोटो दिला तर पार्टी पैसे देणार नाही.) एकामागून एक फ्रेम घ्यायच्या आणि अ‍ॅस्ट्रोइमेजजे या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची. धूसर हवा सगळ्यांना सारखीच मंद करते, ग्रह एकट्यालाच. ग्रह ताऱ्यापुढून जाण्याआधीचा आणि नंतरचा तासभर सोडू नका, नाहीतर उतार कशावरून मोजणार?

ताऱ्याच्या उजेडाचा आलेख पाहून माझा असिस्टंट म्हणाला, "भाऊ, याच्यात ग्रह कुठं हाये?" ठिपके खालीवर विखुरलेले, पण मधला खड्डा स्पष्ट.

ट्रॅकरसोबत मिळणारं बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवून धरणारा सांधा) मात्र कामाचं नाही. चांगलं वेगळं घ्यावं लागेल, तो खर्च आधीच धरा.