सोंग्वाकेप्निन : चार लाखांच्या देशाची गाणे निवडण्याची रीत

युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत दर वर्षी मे महिन्यात साधारण तीन डझन देश प्रत्येकी एक नवे गाणे घेऊन उतरतात, आणि ते गाणे कसे निवडायचे हे त्या त्या देशाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ठरवायचे असते. काही देशांत चार-पाच अधिकारी बंद दाराआड बसून एखाद्या गायकाला आमंत्रण देतात आणि विषय तिथेच संपतो; काही देशांत त्यासाठी घरच्या प्रेक्षकांपुढे रीतसर स्पर्धा भरवली जाते. आइसलँडची प्रसारणसंस्था ‘रूव’ दुसऱ्या वाटेने जाते. तिची ‘सोंग्वाकेप्निन’ ही स्पर्धा फेब्रुवारीतल्या काळोख्या शनिवारी संध्याकाळी प्रक्षेपित होते, आणि मी ती गेली काही वर्षे आवर्जून पाहत आले आहे. प्रेक्षकाला मिळणारी एक सेवा म्हणून तिचे परीक्षण येथे करायचे आहे. माझे मत आधीच सांगते : गाणे निवडण्याच्या मला ठाऊक असलेल्या पद्धतींत ही सर्वांत विचारपूर्वक आखलेली आहे, आणि तिची खरी कसोटी मे महिन्यातल्या गुणफलकावर लागत नाही, तर तिच्यातून निघालेली गाणी त्या देशात किती वर्षे गायली जातात यावर लागते.

या देशाचा आकार प्रथम ध्यानात घ्यायला हवा. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात असलेल्या आपल्या कोल्हापूर शहराहूनही कमी. रूवची नभोवाणी १९३० साली सुरू झाली आणि दूरचित्रवाणी १९६६ साली. पुढे १९८७ पर्यंत दर गुरुवारी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण बंदच असे. अशा देशाने १९८६ साली नॉर्वेतील बर्गन येथे युरोव्हिजनमध्ये पहिले पाऊल टाकले, तेव्हा आपले गाणे जिंकणारच अशी खात्री घरोघरी बाळगली गेली होती. ते सोळावे आले. १९८७ मध्ये पुन्हा सोळावे, १९८८ मध्ये तिसऱ्यांदा सोळावे, आणि १९८९ मध्ये शून्य गुणांसह शेवटचे. त्यानंतरच्याच वर्षी, १९९० साली झाग्रेबमध्ये, ‘स्त्योर्निन’ या गटाने चौथा क्रमांक मिळवून ही साखळी तोडली.

तथापि या काळातील सर्वांत बोलके उदाहरण मला १९९१ चे वाटते. स्तेफाउन आणि एय्फी या जोडीने रोममध्ये नीना नावाच्या स्त्रीविषयीचे विरहगीत गायले आणि त्याला पंधरावे स्थान मिळाले. युरोपने ते केव्हाच विसरून टाकले. आइसलँडमध्ये मात्र मेजवान्यांत, शेकोटीभोवती आणि लग्नघरांत ते आजही सर्वांना तोंडपाठ असल्यासारखे म्हटले जाते. निवडपद्धतीचे यश कशात मोजावे, याचे उत्तर मला या एका गाण्यात सापडते.

स्पर्धेची रचना थोडक्यात अशी आहे. शरद ऋतूत रूव गाणी मागवते आणि शंभराहून अधिक प्रवेशिका येतात. रूव, गीतकार-संगीतकारांची संघटना आणि वादकांचा संघ यांच्या प्रतिनिधींची समिती त्यांतून गाणी निवडते. काही नामवंत रचनाकारांना थेट निमंत्रणही दिले जाते. साधारण दहा ते बारा गाणी दोन उपांत्य फेऱ्यांत विभागली जातात, तिथे निर्णय प्रेक्षकांच्या मतांवर होतो, आणि अंतिम फेरीत प्रेक्षकांच्या मतांबरोबर देशी-परदेशी परीक्षकांच्या मंडळाचे मत निम्म्याने धरले जाते. उपांत्य फेरीत मागे राहिलेले एखादे गाणे विशेषाधिकारात अंतिम फेरीत नेण्याची मुभाही आयोजकांना अनेक वर्षे होती. या शेवटच्या तरतुदीबद्दल माझे मन साशंक आहे, कारण प्रेक्षकांनी पैसे मोजून दिलेल्या मतांनंतर तेच गाणे दुसऱ्या दाराने आत आणले की मताचे मोल कमी होते.

या सर्व नियमांत मला मनापासून आवडणारा नियम भाषेचा आहे. युरोव्हिजनमध्ये स्वतःच्या राष्ट्रीय भाषेतच गाण्याची सक्ती १९९९ पासून उठली, आणि त्याच वर्षी आइसलँडच्या सेल्मा यांनी जेरुसलेममध्ये इंग्रजी गाणे गाऊन दुसरा क्रमांक पटकावला. एवढे मोठे यश इंग्रजीने पहिल्याच वर्षी पदरात टाकल्यावर छोट्या भाषेच्या देशाने आपली भाषा या व्यासपीठावरून कायमची उतरवून ठेवली असती तरी त्यात नवल नव्हते. रूवने मधला मार्ग काढला. उपांत्य फेरीत प्रत्येक गाणे आइसलँडिकमध्येच सादर करावे लागते. अंतिम फेरीत मात्र युरोव्हिजनला ज्या भाषेत जायचे असेल त्या भाषेत ते गायचे असते. या तरतुदीमुळे इंग्रजीत लिहिलेल्या गाण्यालाही एकदा आपल्या लोकांच्या भाषेत उभे राहून दाखवावे लागते, कवीला शब्द नव्याने जुळवावे लागतात, आणि श्रोत्यांना एकच चाल दोन पेहरावांत ऐकून कोणता तिला शोभतो हे ठरवता येते. मी स्वतः दोन्ही पाठ ऐकते तेव्हा अनेकदा आइसलँडिक पाठ अधिक घट्ट विणलेला वाटतो, आणि इंग्रजीत त्याच जागी नुसती भरणी आलेली दिसते. ती भाषा मला बोलता येत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही स्वरांवर शब्द नैसर्गिकपणे बसले आहेत की ओढूनताणून बसवले आहेत, हे भावगीतांवर वाढलेल्या कानाला कळते.

आपल्या वाहिन्यांवरील गाण्याच्या स्पर्धांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला येथे एक मूलभूत फरक जाणवेल. आपल्याकडच्या स्पर्धेत गायक निवडला जातो, आणि तो बहुधा आधी गाजलेलीच गाणी गातो. सोंग्वाकेप्निनमध्ये गाणे निवडले जाते, ते कोरे असते, आणि त्याचे श्रेय रचनाकाराला गायकाच्या बरोबरीने दिले जाते. सार्वजनिक माध्यमाने नव्या गाण्याला जागा करून देण्याची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. आकाशवाणीच्या मुंबई-पुणे केंद्रांनी मराठी भावगीत ज्या निगुतीने वाढवले ते अनेकांच्या स्मरणात आहे. त्या परंपरेला दूरचित्रवाणीवर असा वारसा मिळाला नाही, याची खंत मला ही स्पर्धा पाहताना दर वेळी वाटते.

रचनाकाराच्या श्रेयाबाबत २०११ चे वर्ष विसरता येत नाही. स्योन्नी ब्रिंक हे गायक-रचनाकार स्पर्धेत निवडले गेले होते, परंतु सादरीकरणापूर्वीच जानेवारीत त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या मित्रांनी एकत्र येऊन ते गाणे गायले, ते जिंकले, आणि त्या सहाजणांनी ड्युसेलडॉर्फमध्ये अंतिम फेरी गाठून विसावे स्थान मिळवले. गाणे हे केंद्रस्थानी असलेल्या पद्धतीतच असे घडू शकते.

या स्पर्धेचा दुसरा मोठा गुण असा की तिच्यात हरणे हा शेवट नसतो. दाधी फ्रेयर आणि त्यांचा हिरव्या स्वेटरांतील गट २०१७ मध्ये दुसरा आला. विजयी झालेल्या स्वाला यांचे इंग्रजी गाणे कीव्हमध्ये उपांत्य फेरीतच थांबले, आणि त्याच वर्षी युरोव्हिजन जिंकले ते पोर्तुगालचे स्वतःच्या भाषेतले एक शांत गाणे. दाधी २०२० मध्ये परतले, आपल्या तान्ह्या मुलीविषयी लिहिलेले गाणे घेऊन जिंकले, आणि रॉटरडॅमची स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाली तरी ते गाणे घरांत अडकलेल्या जगभरच्या कुटुंबांनी नाचून-गाऊन आपलेसे केले. ‘वाइब’ या दोन भावांच्या जोडीचेही तसेच : २०२४ मध्ये अंतिम फेरीत मागे राहून २०२५ मध्ये ते वल्हवण्याचे गाणे घेऊन आले, आइसलँडिकमध्येच बासेलला गेले आणि तेथील अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. तेथे ते पंचविसावे आले.

धाडसाच्या बाबतीत २०१९ चा निर्णय मी सर्वांत वर ठेवते. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे आइसलँडचे गाणे युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत पोहोचलेच नव्हते. अशा वेळी घाबरून अधिक गुळगुळीत गाणे शोधण्याचा मोह कोणालाही झाला असता. प्रेक्षकांनी आणि परीक्षकांनी मिळून ‘हातारी’ हा गट निवडला, जो चामड्याच्या पट्ट्या आणि साखळ्या घालून, द्वेषाचा विजय होईल असा इशारा देणारे गाणे कर्कश आवाजात आइसलँडिकमध्ये गात होता. तेल अवीवमध्ये ते गाणे दहावे आले. निकालाच्या वेळी त्यांनी पॅलेस्टाइनचे झेंडे दाखवले आणि युरोव्हिजन भरवणाऱ्या युरोपीय प्रसारण संघटनेने त्याबद्दल रूवला ५,००० युरोंचा दंड केला. त्या कृतीबद्दल कोणाचे काहीही मत असो, हे गाणे कोणत्याही बंद खोलीतल्या समितीने निवडले नसते, आणि म्हणून खुल्या स्पर्धेचे मोल तिथे दिसले.

उणिवांमध्ये सर्वांत गंभीर उणीव मला अंतिम द्वंद्वाची वाटते. पहिल्या मतदानात अग्रस्थानी आलेल्या दोन गाण्यांना पुन्हा एकमेकांसमोर उभे करून नव्याने मते मागण्याची ही प्रथा अनेक वर्षे चालली. दोन गाणी उरली की लोक आवडीसाठी मत देण्याऐवजी दुसऱ्याला रोखण्यासाठी मत देऊ लागतात, आणि गाण्याची निवड बाजूला पडून देशाची दोन गटांत विभागणी होते. २०२४ मध्ये हेच घडले. एकीकडे २०१० मध्ये देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या अनुभवी हेरा ब्योर्क होत्या, दुसरीकडे पॅलेस्टिनी गायक बशार मुराद, आणि बाहेर गाझामधील युद्धावरून इस्रायलच्या सहभागाविषयी तीव्र वाद चालू होता. रूवने आधीच जाहीर केले होते की स्पर्धा होईल, परंतु युरोव्हिजनला जायचे की नाही हे विजेत्याशी बोलून नंतर ठरेल. हेरा ब्योर्क जिंकल्या. त्यानंतर मतदानाच्या ॲपमध्ये काही मते चुकीच्या नावावर गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि रूवने दोष मान्य करून त्याने निकाल बदलत नसल्याचे सांगितले. माल्मोमध्ये हे गाणे तीन गुणांसह उपांत्य फेरीत तळाला राहिले. त्या गायिकेने दोन्ही बाजूंचा ताण ज्या संयमाने सोसला त्याबद्दल मला आदर आहे. परंतु ज्या मतदानासाठी लोक पैसे मोजतात त्याची यंत्रणा प्रक्षेपणापूर्वी कसून तपासलेली असणे ही प्रेक्षकाची किमान अपेक्षा आहे.

माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी उदाहरणेही प्रामाणिकपणे मांडायला हवीत. २००९ मध्ये मॉस्कोत योहाना यांनी दुसरा क्रमांक मिळवला तो इंग्रजी गाण्यावर. २०२१ मध्ये तर स्पर्धा झालीच नाही. रूवने दाधी फ्रेयर यांना थेट पाठवले, गटातील एकाला संसर्ग झाल्यामुळे त्यांच्या तालमीचे चित्रण दाखवावे लागले, आणि तरीही ते चौथे आले. याउलट २०२२ मध्ये ‘सिस्तुर’ या बहिणींचे वसंताच्या उगवत्या सूर्याचे आइसलँडिक गाणे तुरिनमध्ये तेविसावे राहिले. केवळ क्रमांक पाहिले तर थेट निवड शहाणपणाची ठरते. पण दाधींना तेवढ्या विश्वासाने पाठवता आले, याचे कारण दोन वेळच्या खुल्या स्पर्धेत देशाने त्यांना आधी पारखले होते. आणि सिस्तुरचे गाणे मी आजही, पहाटे खिडकीपाशी बसून, पुन्हा पुन्हा ऐकते.

कार्यक्रमाच्या मांडणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रंगमंच नेटका असतो, प्रकाशयोजना मोठ्या देशांच्या तोडीची असते, आणि गाण्यांची संख्या कमी असल्याने कंटाळा येत नाही. मतमोजणीच्या वेळी मात्र पाहुण्यांचे कार्यक्रम लांबतात, आणि निवेदन आइसलँडिकमध्ये असल्याने परक्या प्रेक्षकाला विनोद निसटून जातात. भारतातून थेट पाहायचे तर जागरण अटळ आहे, कारण आइसलँडची घड्याळे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहेत आणि तिथली रात्री पावणेआठची सुरुवात आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता होते. त्याऐवजी गाण्यांची ध्वनिमुद्रणे दुसऱ्या दिवशी ऐकणे अधिक सोयीचे, कारण बहुतेक गाणी दोन्ही भाषांत इंटरनेटवर उपलब्ध असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये रूवने इस्रायलच्या सहभागाच्या वादावरून २०२६ च्या व्हिएन्ना येथील युरोव्हिजनमध्ये भाग न घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे परदेशी पाठवण्यासाठी गाणे निवडण्याचे निमित्तच उरत नाही. माझे आग्रहाचे म्हणणे असे की अशा वर्षांतही ही स्पर्धा भरवली जावी, भाषेचा नियम तसाच राहावा, विशेषाधिकार आणि द्वंद्व यांना पुन्हा जागा मिळू नये, आणि विजेत्या गाण्याला देशभरच्या मैफलींचा दौरा मिळावा. नव्याने ऐकणाऱ्या मराठी रसिकाने १९९१ च्या विरहगीतापासून आरंभ करावा, मग २०१९ आणि २०२२ ची गाणी घ्यावीत, आणि २०२० चे गाणे आधी आइसलँडिकमध्ये, नंतर इंग्रजीत ऐकावे.