टाइमशिफ्ट: काही महिने वापरल्यावर

माझ्या कॉम्प्युटरची लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम २१.३ वरून २२ वर नेत असताना सदाशिव पेठेत भरदुपारी वीज गेली आणि यूपीएसने मिनिटभरही दम धरला नाही. बॅटरी वॉरंटीत आहे, बदलून द्या म्हणून मी कंपनीच्या मागे लागले होते. ‘टेस्टिंगमध्ये ओके आहे मॅडम,’ एवढंच उत्तर.

वीज आली तेव्हा काळ्या पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नलच अडकलेला. नवा कर्नल उतरला होता, पण त्याला सुरू व्हायला लागणारी इनिटरॅमएफएस फाइल तयार व्हायच्या आत सगळं बंद पडलं होतं. ग्रबमधून, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधून, जुना कर्नल निवडला तर लॉगिनपर्यंतही पोचेना. सॉफ्टवेअरची अर्धी पॅकेजं जुनी, अर्धी नवी. तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने बघताक्षणी फॉरमॅट सांगितला आणि वर ‘डेटाची गॅरंटी नाही’. आत दिवाळी अंकाची प्रुफं! सीपीयू उचलला आणि घरी आणला.

टाइमशिफ्ट म्हणजे सिस्टिमची प्रत, स्नॅपशॉट, जपून ठेवणारं आणि गरज पडली तर सिस्टिम त्या प्रतीवर मागे नेणारं मिंटमधलं साधन. त्याच्यावर तोवर माझा रागच होता. स्नॅपशॉट घेतल्याशिवाय मिंटचं अपग्रेड पुढे सरकत नाही, आणि माझ्या छोट्या एसएसडीवरची जागा पहिल्याच स्नॅपशॉटने खाल्लेली.

मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारं मिंट, सुरू केलं. टाइमशिफ्ट त्यात असतंच. डिस्क दाखवली, तारखांची यादी आली, सकाळचा स्नॅपशॉट निवडून ‘रिस्टोर’ दाबलं. फाइलींची नावं सरसर वर जात राहिली, शेवटी त्याने ग्रबही स्वतःच बसवला. रीबूट केल्यावर २१.३ जसंच्या तसं. आणि प्रुफं? वीज जाण्याआधी सेव्ह केलेल्या शेवटच्या दुरुस्तीसकट जागेवर! टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डरला, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाइलींना, हातच लावत नाही, सिस्टिम तेवढी मागे नेतं. ज्याने कुणी हे ठरवलं त्याचे मनापासून आभार.

जागेबद्दलचं मतही बदललं. पुढचे स्नॅपशॉट हार्ड लिंकवर चालतात, न बदललेल्या फाइली पुन्हा साठवत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यापासून फारच थोडी जागा जाते. आठवड्याचा एक, असे दोनच ठेवते.

पण होमला हात लावत नाही याचा दुसरा अर्थ असा, की हा तुमच्या कामाचा बॅकअप नाही. ते वेगळं ठेवावंच लागतं. शिवाय स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर असले तर ती गेल्यावर तेही गेले. बाहेरच्या डिस्कवर ठेवायला गेले, तर विंडोजचं एनटीएफएस फॉरमॅट चालत नाही, ईएक्सटी४ सारखं लिनक्सचंच फॉरमॅट लागतं. नवी डिस्क घ्यायची माझी तयारी नव्हती. जुन्या लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये घालून तिचे दोन भाग केले.

यूपीएसला शेवटी स्वखर्चाने बॅटरी टाकली, मग २२ वर गेले, विनातक्रार चाललंय. कंपनीकडची तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही.